बेकारी भत्ता राज्यागणिक वेगळा का?

शिळफाटा म्हटले की मुंबईकडच्या लोकांना ठाण्याजवळचा शिळफाटा आठवतो. आमचा शिळफाटा खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा, घाट चढण्याआधीचा. मागच्या पावसाळ्यात इथल्याच एका चहाच्या टपरीवर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. सातवीपर्यंत माझ्याकडे उर्दू आणि मराठी शिकला, पुढे बी.कॉम. झाला. सलाम-दुआ झाली, चहा आला आणि त्याने विचारले, "सर, एक सांगा. निपाणीला माझ्या मामूची मुलगी आहे. तीही बी.कॉम., मीही बी.कॉम. तिला कर्नाटक सरकारकडून महिन्याला तीन हजार रुपये येतात. मी एका सरकारी कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून काम केलं, दहा हजार मिळाले, मुदत संपली आणि आता शून्य. निपाणीपासून कागल काही मिनिटांवर आहे, तरी इकडे काही नाही. देश एकच आहे ना?"

त्याला दोन वाक्यांत उत्तर देता आले असते, "तिकडचं सरकार वेगळं, इकडचं वेगळं." पण ते काही खरे उत्तर नव्हे. सरकारे वेगळी आहेत हे त्यालाही ठाऊक होते. एकाच संविधानाखाली हा फरक आला कुठून, असे तो विचारत होता. "थोडं वाचून सांगतो," म्हणालो. ते वाचलेले आज इथे मांडतो आहे.

सुरुवात शब्दांपासून करतो, ती माझी सवय आहे. 'बेकार' हा फारसीतून आलेला शब्द. 'कार' म्हणजे काम, 'बे' म्हणजे विना. ज्याच्या हाताला काम नाही तो बेकार. मराठीत येईपर्यंत याच शब्दाला 'निरुपयोगी' असा दुसरा अर्थ चिकटला. "बेकार माणूस आहे," असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्याकडे काम नाही असे म्हणत नसतो, तो कामाचा नाही असे म्हणत असतो. या दोन अर्थांमधली गल्लत आपल्या कायद्यांत आणि योजनांतही दिसते. काही सरकारांनी बेकार माणसाला मदत दिली, काहींनी आधी त्याच्याकडून काम करून घेतले, तर काहींनी तो खरोखर गरजू आहे का याची परीक्षा घेतली. रकमेतल्या फरकाच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते.

ही परीक्षा इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात सरकारने खडी फोडण्याची आणि रस्ते-तलावांची कामे काढली. मुंबई इलाख्यात मजुरीचा एक दर, मद्रास इलाख्यात दुसरा. मग सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च कमी करण्यासाठी मजुरी उतरवली. दिवसभर राबणाऱ्या माणसाला साधारण एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, असा तो हिशेब होता. आपल्याकडे दख्खनमध्ये हजारो मजुरांनी कामावर बहिष्कार टाकला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रासमध्ये डॉ. कॉर्निश या आरोग्य अधिकाऱ्याने, एवढ्या धान्यावर राबणारा माणूस जगत नाही, असे ठणकावून सांगितले आणि तिथला दर पुढे वाढवला गेला. भूक दोन्ही इलाख्यांत सारखीच होती. दर ठरला तो खर्च कोण करतो आणि त्याला जाब कोण विचारतो, यावर. पुढची दीडशे वर्षे वाचताना हे दोन प्रश्न मी हाताशी ठेवले.

आता संविधानाकडे येऊ. कलम ४१ सांगते की राज्याने कामाचा आणि शिक्षणाचा हक्क, तसेच बेकारी, वार्धक्य, आजारपण अशा प्रसंगी सरकारी साहाय्याचा हक्क मिळवून देण्यासाठी तरतूद करावी. मात्र त्या वाक्यातच एक अट आहे : राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. शिवाय हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे. मूलभूत हक्कासाठी जसे न्यायालयात जाता येते, तसे केवळ या कलमाच्या जोरावर जाता येत नाही. दुसरी गोष्ट सातव्या अनुसूचीत आहे. सामाजिक सुरक्षा, रोजगार आणि बेरोजगारी हे विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही हाती. केंद्राने देशभरासाठी बेकारी भत्त्याचा कायदा केला असता तर एकच नियम राहिला असता. तसा सर्वांसाठीचा कायदा झाला नाही. मोकळी राहिलेली जागा प्रत्येक राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि आपल्या राजकारणाप्रमाणे भरली.

रोजगार कार्यालयांचेही तसेच झाले. १९४५ मध्ये ती सुरू झाली ती महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामावर लावण्यासाठी. १ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे भाषावार राज्ये अस्तित्वात आली त्याच दिवसापासून, त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला. माझ्या पिढीला ती कार्यालये चांगलीच आठवतात. बी.एड. झाल्यावर पेणमार्गे एस.टी.ने अलिबागला जाऊन मीही नाव नोंदवले होते. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले ते कार्ड अजून आईच्या पेटीत आहे. त्या कार्डावर नोंदणी क्रमांक होता, शिक्षण होते, नूतनीकरणाची तारीख होती. नोकरी नसल्याच्या दिवसांत किती रुपये मिळतील याचा रकाना नव्हता. काही राज्यांत मात्र याच नोंदणीच्या आधारावर भत्ता सुरू झाला.

केरळने १९८२ पासून असा भत्ता दिला. त्याची रक्कम पुढे महिन्याला १२० रुपयांवर थांबली. महागाई वाढली तरी ही रक्कम तिथेच राहिली, कारण ती महागाईशी जोडलेली नव्हती. पश्चिम बंगालने २०१३ मध्ये 'युवाश्री'खाली १,५०० रुपये ठरवले. हिमाचल प्रदेशाने २०१७ मध्ये १,००० रुपये दिले, दिव्यांगांना १,५००. राजस्थानने २०१९ मध्ये पुरुषांना ३,००० आणि स्त्रियांना ३,५०० केले. पुढे दोन्हींत हजाराची वाढ झाली, पण दररोज चार तास सरकारी कार्यालयात काम करण्याची अट आली. छत्तीसगडने २०२३ मध्ये २,५०० रुपये दिले. हरियाणाने पदव्युत्तर तरुणांना ३,००० रुपये भत्ता आणि महिन्याला १०० तास काम केल्यास वर ६,००० रुपये मानधन अशी रचना केली. कर्नाटकाची 'युवा निधी' जानेवारी २०२४ पासून पैसे देऊ लागली. पदवीधराला ३,००० आणि पदविकाधारकाला १,५००, तेही दोन वर्षांपुरते आणि शिक्षण संपल्यावर सहा महिने काम न मिळालेल्यांनाच. माझ्या विद्यार्थ्याच्या मामेबहिणीला मिळतात ते हेच पैसे.

या आकड्यांकडे नीट पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. १२० काय, १,५०० काय किंवा ३,००० काय, यांपैकी एकही आकडा त्या राज्यातल्या घरभाड्यावरून, धान्याच्या भावावरून किंवा किमान वेतनावरून निघालेला नाही. बहुतेक ते निवडणुकीच्या जाहीरनाम्यातून किंवा अर्थसंकल्पातल्या शिल्लकीतून आलेले आहेत. म्हणून एका राज्यात रक्कम वर्षानुवर्षे हलत नाही, तर दुसऱ्या राज्यात सरकार बदलले की योजनेचे नाव, अटी आणि रक्कम सगळेच बदलते.

मग महाराष्ट्राने काय केले? आपल्या राज्याने मुद्दाम वेगळी वाट धरली. तिचा पुरावा माझ्या पगारपत्रकात दर महिन्याला असतो : व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. शिक्षकांच्या खोलीत या कपातीवर कुरकूर होते, पण ती कशासाठी सुरू झाली हे फार थोड्यांना माहीत असते.

वि. स. पागे हे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात त्यांनी साठच्या दशकात एक प्रयोग करून पाहिला. गावात जो मजूर काम मागेल त्याला काम द्यायचे. शेतमजुराला पैसे वाटण्यापेक्षा त्याच्या मेहनतीतून बांध, विहिरी, रस्ते उभे राहावेत, अशी ती कल्पना. मग १९७२ चा दुष्काळ आला. घरातली वडीलधारी माणसे अजून सुकडीच्या आणि लाल मिलोच्या आठवणी काढतात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. एवढ्या लोकांना काम देता येते, हे त्या दुष्काळाने सरकारला दाखवून दिले.

पैशाची सोय १९७५ च्या व्यवसाय कर कायद्याने झाली. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून कर घ्यायचा, त्याच्या जोडीला मोटारी, विक्री, बागायती जमीन यांवर जादा आकारणी करायची आणि जितके जमेल तितकीच भर राज्याने घालायची. व्यवसाय कर हा राज्याचा विषय आणि संविधानाच्या कलम २७६ मध्ये त्याची कमाल मर्यादा घातलेली. पूर्वी ती वर्षाला २५० रुपये होती, १९८८ मध्ये २,५०० झाली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. 'मागेल त्याला काम' ही घोषणा आता कायदा झाली होती. 'हमी' हा शब्दही अरबी-फारसीच्या 'हामी'वरून आला आहे, म्हणजे पाठीशी उभा राहणारा. शहरातला पगारदार गावातल्या मजुराच्या पाठीशी उभा राहील, हा त्या करामागचा विचार होता.

याच कायद्यात महाराष्ट्राचा बेकारी भत्ता होता. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम दिले नाही तर मजुराला रोज १ रुपया. रक्कम तेव्हाही लहानच होती, पण तिचा उद्देश पोट भरणे हा नव्हताच. सरकारने शब्द मोडला तर सरकारलाच दंड, असा तो रुपया होता. मजुरीही राज्याच्या तिजोरीतून आणि दंडही त्याच तिजोरीतून. त्यामुळे भत्ता देण्यापेक्षा काम काढणे सरकारच्या फायद्याचे होते. प्रत्यक्षात हा भत्ता हाती पडल्याची उदाहरणे थोडी आहेत. अर्जाची पोच मिळत नसे, आणि पोच नाही म्हणजे पंधरा दिवस कधीपासून मोजायचे हे ठरत नसे. १९९० च्या दशकात तर कर जमा होत राहिला आणि कामांवरचा खर्च मागे पडला.

महाराष्ट्राच्या या अनुभवावरून २००५ चा केंद्रीय कायदा झाला. आमचा रायगड जिल्हा त्यात आला १ एप्रिल २००८ रोजी. या कायद्यात भत्ता मजुरीशी जोडला गेला. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, पुढे किमान निम्मा. म्हणजे मजुरीचा दर वेगळा तर भत्ताही आपोआप वेगळा. २०२४-२५ मध्ये हरियाणाचा दर ३७४ रुपये होता, गोव्याचा ३५६, कर्नाटकाचा ३४९, महाराष्ट्राचा २९७, गुजरातचा २८० आणि मध्य प्रदेशाचा २४३. त्यानुसार पहिल्या महिन्यात हरियाणाच्या मजुराचा किमान भत्ता दिवसाला ९३ रुपये ५० पैसे, आपल्याकडे ७४ रुपये २५ पैसे आणि मध्य प्रदेशात ६० रुपये ७५ पैसे येत होता.

दरांत हा फरक का? सुरुवातीला प्रत्येक राज्याचे शेतमजुरीचे किमान वेतनच लागू होते. जानेवारी २००९ पासून केंद्राने दर स्वतःच्या हाती घेतले. त्या वेळी ज्या राज्याचा दर जिथे होता तिथून पुढची मोजणी सुरू झाली, आणि २०११ पासून तो शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढू लागला. शर्यतीत जो जिथे उभा होता तिथूनच त्याला धावायला सांगितले. ज्या राज्यांनी आधी किमान वेतन वाढवून ठेवले होते, ती आजही पुढे आहेत.

या कायद्यात आणखी एक गोष्ट बदलली. अकुशल मजुरीचा पैसा केंद्राचा होता, पण काम न दिल्यास भत्ता राज्याने द्यायचा होता. त्या कलमातही 'राज्य सरकारची आर्थिक क्षमता' हे शब्द आले, कलम ४१ मधलेच. राज्याच्या खिशातून जाणारा पैसा टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे अर्जाची दिनांकित पोच न देणे. आमच्या कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, कारण भट्टीचा मालक उचल आगाऊ देतो. त्यांच्यापैकी ज्याने 'नमुना ४' भरून काम मागितले आणि पोच हातात घेतली, त्याचाच भत्त्यावर दावा. वाडीत किती जणांकडे ती पोच असते, हे तिथे जाऊन विचारले म्हणजे कळते.

कारखान्यातल्या कामगाराचे गणित याहून वेगळे आहे. खोपोलीत टाटांचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले आणि नंतर आजूबाजूला कारखाने आले. इथल्या अनेक घरांत ई.एस.आय.चे कार्ड आहे. या विम्यात २००५ पासून बेकारी भत्त्याची तरतूद आहे, आणि २०१८ च्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेलेल्याला ९० दिवसांपर्यंत वेतनाच्या २५ टक्के, करोनाच्या काळापासून ५० टक्के रक्कम मिळण्याची सोय झाली. इथे राज्य कोणते हा प्रश्नच येत नाही. नियम देशभर एक, रक्कम ठरते ती कामगाराच्या स्वतःच्या पगारावर. कारण निधी कामगार आणि मालक यांच्या वर्गणीचा आहे, राज्याच्या तिजोरीचा नाही. मात्र ज्याची वर्गणी भरलीच गेली नाही तो कंत्राटी कामगार आणि ज्याला पहिली नोकरीच मिळाली नाही तो पदवीधर, दोघेही याच्या बाहेर राहतात.

असा फरक फक्त आपल्याकडे आहे असेही नाही. अमेरिकेत महामंदीच्या काळात विस्कॉन्सिन राज्याने १९३२ मध्ये पहिला बेकारी विमा कायदा केला. १९३५ च्या केंद्रीय कायद्याने मालकांवर कर बसवला, पण रक्कम आणि मुदत ठरवणे राज्यांवर सोडले. सगळे केंद्राने घेतले तर सर्वोच्च न्यायालय कायदा रद्द करील, अशी भीती होती. त्यामुळे आज मिसिसिपीत आठवड्याला जास्तीत जास्त २३५ डॉलर मिळतात, मॅसॅच्युसेट्समध्ये हजाराच्या वर. २०२० मध्ये करोनात तिथल्या केंद्र सरकारने सर्वांना सरसकट ६०० डॉलर जादा दिले. त्याचे एक कारण असे की, राज्यांच्या जुनाट संगणकांना प्रत्येकाच्या पगाराचे टक्के काढून देणे जमणार नव्हते. मात्र तिथला सर्वात कमी भत्ताही मागण्याचा हक्क कायद्यात आहे, आणि नाकारला तर अपील करता येते.

आता माझ्या विद्यार्थ्याचे उत्तर. त्याच्या बहिणीला मिळणारे तीन हजार ही कर्नाटक सरकारची योजना आहे. त्याला मिळालेले दहा हजार हे महाराष्ट्राच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेचे विद्यावेतन होते. बारावीला ६,०००, आय.टी.आय. किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,०००. तिला कामाची अट नाही, त्याला होती. तिची मुदत दोन वर्षे, त्याची काही महिने. महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी 'पैसे नको, काम देऊ' असे ठरवले ते फावडे धरणाऱ्या गावच्या मजुरासाठी. बी.कॉम. झालेल्या, निमशहरी भागातल्या मुलाला देण्यासारखे काम त्या हमीत कधीच नव्हते. तो हमीतही बसत नाही आणि विम्यातही नाही. त्याच्या वाट्याला येते ती फक्त योजना, आणि योजना सरकार आणते तशी बंदही करते.

माझे मत विचाराल तर राज्याराज्यांत रक्कम वेगळी असणे हाच मोठा अन्याय आहे असे मला वाटत नाही. मुंबईतले भाडे आणि गडचिरोलीतले भाडे एक नाही, तर रक्कमही एक असायलाच हवी असे नाही. अन्याय होतो तो रक्कम कशाशीच बांधलेली नसते तेव्हा, आणि ती नाकारली तर कुठे जायचे हे ठाऊक नसते तेव्हा. १९७९ चा एक रुपया छोटा होता, पण तो कायद्याचा होता. आजचे तीन हजार किंवा दहा हजार मोठे आहेत, पण ते कृपेचे आहेत. सरकार बदलले, तिजोरी आटली की ते जातात आणि त्यासाठी कुणालाही जाब विचारता येत नाही.

हे सगळे मी त्याला पुढच्या भेटीत सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे सर, तुमच्या पगारातून कापतात ते दोनशे रुपये माझ्यासाठी नाहीतच?" मी म्हटले, "गावच्या मजुरासाठी म्हणून ते सुरू झाले. तुझ्यासाठी अजून कुणी कायदा केलेला नाही." तो हसला, चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत. त्या महिन्याचे पगारपत्रक आले तेव्हा व्यवसाय कराच्या ओळीवर माझी नजर थांबली. कुरकूर मात्र केली नाही.